लिमिट पोकर: बिग ब्लाइंडवरून ब्लफ कुठपर्यंत रेटावा?

प्रश्न (अमळनेर)
आखाजीला आमच्याकडे पत्त्यांचा डाव बसतोच. यंदा आम्ही चुलत भावंडांनी तीनपत्तीऐवजी चिंचोक्यांवर लिमिट होल्डेम (हातात दोन आणि मध्ये पाच सामायिक पत्ते असलेला पोकर, ज्यात प्रत्येक फेरीची बाजी ठरलेली असते) मांडले. (तीनपत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता केलेली चाल, इथे मात्र पत्ते वाटण्याआधी भरावी लागणारी सक्तीची रक्कम.) स्मॉल ब्लाइंड १ चिंचोका, बिग ब्लाइंड २. बटनवरच्या (वाटणाऱ्याच्या जागेवरच्या) थोरल्या भावाने रेझ करून (बाजी वाढवून) ४ केले, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले आणि मी बिग ब्लाइंडवरून किलवर नव्वी-अठ्ठी घेऊन कॉल केला, म्हणजे त्याच्याइतके भरले. फ्लॉपला (पहिले तीन सामायिक पत्ते) बदाम राजा, किलवर सत्ती, चौकट दुर्री आली. त्याने २ लावले, मी चेक-रेझ करून (आधी काही न लावता थांबून, त्याने लावल्यावर वाढवून) ४ केले. टर्नला (चौथा पत्ता) इस्पिक चौकी आणि रिव्हरला (पाचवा पत्ता) बदाम राणी आली. दोन्ही वेळा मी ४-४ लावले, त्याने शांतपणे कॉल केले आणि शेवटी पंजीची जोडी उघडली. एका रात्रीत असे तीनदा झाले. चूक ब्लफ करण्यात होती, की तो रेटण्यात?

उत्तर (भुसावळ)
दादा, फ्लॉपवरचा चेक-रेझ मला योग्यच वाटतो. पॉटमधले (मधल्या ढिगातले) ९ आणि त्यांचे २ असे ११ चिंचोके मिळवण्यासाठी आपण ४ लावले, म्हणजे १०० पैकी २७ वेळा त्यांनी पत्ते टाकले तरी हिशेब जुळतो. शिवाय टर्नला कोणतेही किलवर, छक्की किंवा दश्शी आली असती, तर एकाच रंगाचे किंवा ओळीने पाच पत्ते जुळण्याची आशा, म्हणजे पुढे लावायला आधार मिळाला असता. चौकीने यातले काहीच दिले नाही, तिथेच थांबायला हवे होते. रिव्हरला पॉट २५ चा होता. आपण ४ लावल्यावर त्यांना २९ साठी ४ भरायचे होते, म्हणजे जिंकण्याची शक्यता जेमतेम १२% असली तरी कॉल फायद्याचा ठरतो. अशा भावात पंजीची जोडी कोण टाकणार? रिव्हरला लावलेल्या आठ बाजींपैकी साधारण एकच ब्लफ असावा.

उत्तर (धुळे)
आठात एक हे प्रमाण जो कधीतरी पत्ते टाकतो त्याच्यासाठी आहे. आपले भाऊ टाकतच नसतील, तर रिव्हरचा ब्लफ पूर्ण बंद करावा आणि राजा किंवा सत्तीची जोडी लागेल तेव्हा तिन्ही फेऱ्यांत न चुकता लावावे. मात्र या धास्तीने ब्लाइंड सोडू लागू नका: ७ च्या पॉटसाठी २ भरायचे असताना जिंकण्याची २२% शक्यता पुरते. स्मॉल ब्लाइंडची गोष्ट वेगळी. तिथे ३ भरावे लागतात आणि मागे आणखी एक जण बसलेला असतो, म्हणून बहुधा पुन्हा रेझ करावे किंवा पत्ते टाकावेत. २०१५ साली अल्बर्टा विद्यापीठाच्या मायकल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी दोघांतले लिमिट होल्डेम संगणकाने जवळजवळ पूर्ण सोडवले, आणि त्यातही बटनवालाच फायद्यात निघाला. बिग ब्लाइंडवर कमी हरणे हेच काम.

प्रश्नकर्ता (अमळनेर)
दोघांचेही मनापासून आभार. टर्नची चौकी पडली तेव्हा मी भावाच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, माझ्या पत्त्यांकडे नाही. उद्या पुन्हा बसणार आहोत. सत्ती लागली की तिन्ही वेळा लावीन.