डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलासाठी साधे मृत्युपत्र पुरेसे आहे का?

कोथरूडकर:
नमस्कार. मी डाक विभागातून निवृत्त झालो असून माझे वय 69 आहे. मोठी मुलगी अमेरिकेत असते आणि तिने तेथील नागरिकत्व घेतले आहे. धाकटा मुलगा 33 वर्षांचा असून त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तो आपले जेवणखाण, कपडे स्वतः पाहतो, परंतु पैशाचा व्यवहार त्याला समजत नाही. पत्नीच्या आणि माझ्या संयुक्त नावावर एक सदनिका आहे, काही मुदत ठेवी आहेत आणि सातारा जिल्ह्यात भावांबरोबर सामाईक शेतजमीन आहे. मी एका पानाचे मृत्युपत्र करून नोंदवले आहे. त्यात "सर्व मिळकत पत्नीस पूर्ण मालकी हक्काने, तिच्या पश्चात दोन्ही मुलांना समसमान, आणि मुलाची पालक म्हणून मुलगी" असे लिहिले आहे. ठेवींवर आणि सोसायटीत नामनिर्देशन मुलीचे आहे. एका स्नेह्यांनी हे वाचून "यातून मुलाची सोय होणार नाही" असे सांगितल्यापासून मन स्वस्थ नाही. नक्की काय कमी पडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दिवाणी_दावा:
मी पुण्यात दिवाणी वकिली करते आणि अशी मृत्युपत्रे वरचेवर पाहते. आपले स्नेही बरोबर सांगत आहेत. मृत्युपत्राची नोंदणी झाली म्हणजे त्यातील प्रत्येक इच्छा अमलात येईल, असे नाही.

सर्वांत आधी पालकत्वाचे कलम पाहू. मृत्युपत्राने पालक नेमता येतो तो अज्ञान (18 वर्षांखालील) अपत्यासाठी. आपला मुलगा कायद्याने सज्ञान असल्यामुळे आपण आईवडील असूनही आज त्याचे कायदेशीर पालक नाही, आणि आपल्या एका वाक्याने मुलगीही पालक होणार नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तिच्या नियमांत पालक भारतीय नागरिक असावा अशी अट आहे, त्यामुळे मुलीचे नाव तेथे चालणार नाही. आपण दोघांनी हयातीतच अर्ज करून आदेश घ्यावा आणि आपल्यानंतर अर्ज कोण करील, ते भारतात राहणाऱ्या एखाद्या विश्वासू नातेवाईकाशी आताच बोलून ठरवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे "पत्नीस पूर्ण मालकी आणि तिच्या पश्चात मुलांना" ही रचना. एकदा पूर्ण मालकी दिली की पुढचे वाक्य तिच्यावर बंधनकारक राहते का, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे भांडणे चालतात. शिवाय सदनिकेतील पत्नीचा हिस्सा आपल्या मृत्युपत्रात येऊच शकत नाही, त्यासाठी त्यांचे स्वतंत्र मृत्युपत्र हवे.

नामनिर्देशनामुळे मुलगी मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले, आणि महाराष्ट्रातील सोसायटीत नॉमिनी हा तात्पुरता सदस्य मानला जातो. विम्याचे मात्र वेगळे आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा अपत्ये नॉमिनी असतील, तर ती रक्कम सर्वसाधारणपणे त्यांचीच होते, मृत्युपत्रात काहीही लिहिले असले तरी. तेव्हा एखादी पॉलिसी असेल तर तीही काढून पाहावी.

मला आपल्या मृत्युपत्रात सर्वाधिक काळजीची वाटते ती मुलाला मिळणारी निम्मी मिळकत. ती त्याच्या नावावर येईल, पण तो सही करून काहीही विकू, मोडू किंवा फिरवू शकणार नाही, आणि त्याच्या सहीवर टपलेल्या माणसापासून त्याला कोणी वाचवू शकणार नाही. यासाठी मुलाला लाभार्थी ठेवून 1882 च्या भारतीय न्यास अधिनियमाखाली खाजगी विश्वस्त निधी (ट्रस्ट) स्थापन करावा आणि मृत्युपत्राने त्याचा वाटा मुलाऐवजी त्या निधीला द्यावा. विश्वस्त दोन-तीन असावेत, एक दूर झाल्यास दुसरा कोण येईल तेही लिहावे आणि पैसा कशावर खर्च करावा हे नेमके नमूद करावे: घर, औषधोपचार, सांभाळणाऱ्या माणसाचा पगार. निधी विवेकाधीन असेल, म्हणजे कोणाला किती द्यायचे हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडले असेल, तर उत्पन्नावर सर्वोच्च दराने कर लागू शकतो, त्यामुळे दस्ताचा मसुदा सनदी लेखापालांना दाखवल्याशिवाय सही करू नये.

शेतजमिनीला मात्र या निधीत घालू नये. बिगरशेतकऱ्याकडे जमीन जाण्यावर कुळकायद्याच्या कलम 63 चे बंधन आहे आणि गुंता वाढेल.

कोथरूडकर:
सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. जमिनीचा सातबारा वडिलांच्या पश्चात वारसनोंदीने आम्हा तिघा भावांच्या आणि बहिणीच्या नावे सामाईक झाला आहे. माझ्या हिश्श्यापुरते तरी मृत्युपत्र चालेल ना?

दिवाणी_दावा:
आपल्या हिश्श्यापुरते चालेल, पण तो हिस्सा किती हे आधी ठरायला हवे. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि त्यांच्याकडून वारसाने आली असेल, तर ती सर्वसाधारणपणे आपली स्वतःची समजली जाते. ती आजोबा-पणजोबांपासून अविभक्त कुटुंबाची असेल, तर मुलीचा आणि मुलाचाही तीत जन्मतः हक्क आहे आणि तेवढे मृत्युपत्राच्या बाहेर राहते. जुने फेरफार काढून हे तपासावे. भावंडांची संमती असेल तर तहसीलदारांपुढे महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घेणे सर्वांत सोयीचे, कारण पुढच्या पिढीत नावे वाढली की हीच संमती मिळणे दुरापास्त होते.

सोबती:
काका, नमस्कार. माझ्या भावाला हीच स्थिती आहे, म्हणून एक मुद्दा आवर्जून लिहीत आहे. आपण केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक आहात. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, मात्र त्यासाठी त्याचे अन्य मार्गांनी मिळणारे उत्पन्न देय कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असावे लागते. मिळकतीचा निम्मा वाटा थेट त्याच्या नावावर आला आणि व्याज व भाडे मिळून ही मर्यादा ओलांडली गेली, तर आपण प्रेमाने दिलेल्या पैशामुळेच त्याचा हा हक्क धोक्यात येईल. विश्वस्त निधीचा मसुदा करताना हा मुद्दा वकिलांपुढे नक्की ठेवावा. तसेच आपल्या हयातीतच त्याचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र जोडून पीपीओमध्ये (निवृत्तिवेतन अदायगी आदेशात) त्याचे नाव चढवून घ्यावे. आईवडिलांच्या मागे ही कागदपत्रे जमवताना भावंडांची फार ओढाताण होते.

नोंदवही:
वरील सर्व सल्ला मृत्यूनंतरचा आहे. मृत्युपत्र आपण हयात असेपर्यंत बोलतच नाही. आपणास पक्षाघात झाला किंवा स्मृतिभ्रंश झाला, तर ठेवी कोण मोडणार आणि मुलाच्या औषधांचा खर्च कोठून होणार? बरेच लोक यावर कुलमुखत्यारपत्र हा उपाय समजतात. परंतु करार कायद्याच्या कलम 201 नुसार मुखत्यार देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की मुखत्यारीही संपते, म्हणजे ज्या दिवशी त्या कागदाची गरज लागते त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. म्हणून विश्वस्त निधी मृत्युपत्राच्या आत न ठेवता आजच स्वतंत्र दस्ताने करावा, पत्नी आणि आणखी एक व्यक्ती आपल्याबरोबर विश्वस्त असाव्यात आणि निदान दोन-तीन वर्षांच्या खर्चाची रक्कम त्यात आधीच घालावी. उरलेल्या ठेवी "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" या पद्धतीने पत्नीबरोबर ठेवाव्यात, आणि मुदतीपूर्वी मोडण्याची परवानगी त्यात नोंदवलेली आहे ना, हे शाखेत विचारून घ्यावे.

कोथरूडकर:
पालकत्वाचा अर्ज आणि पीपीओ ही दोन कामे याच आठवड्यात हाती घेतो. पुतण्या येथेच राहतो, त्याच्याशी आज रात्री बोलेन. त्याने होकार दिल्यास त्याला विश्वस्त आणि पुढचा पालक, दोन्ही करता येईल का?

दिवाणी_दावा:
करता येईल, परंतु दोन्ही भूमिका एकाच हाती देऊ नयेत. मुलाला सांभाळणाऱ्याने खर्च मागावा आणि दुसऱ्याने हिशेब पाहून तो द्यावा, अशी तजवीज दस्तात असावी. पुतण्या पालक होणार असेल तर मुलीला विश्वस्तांमध्ये घेता येईल का, याची करविषयक आणि परदेशी चलनविषयक बाजू सनदी लेखापालांकडून आधी तपासून घ्यावी.