मदत हवी आहे: 'ब्लंटली'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवाद करताना एक वाक्य अडलंय: 'द डॉक्टर टोल्ड हिम ब्लंटली टु स्टॉप ड्रिंकिंग.' ब्लंट म्हणजे बोथट, पण 'बोथटपणे सांगितलं' वाचवत नाही. 'उद्धटपणे' म्हटलं तर डॉक्टर खलनायक होतात. शिवाय 'फ्रँकली'पेक्षा हे वेगळं कसं?

प्रतिसाद १
बोथट सोडाच. मराठीत संवेदना बोथट होतात. लागेल असं बोलणं उलट धारदार असतं. ब्लंटली म्हणजे समोरच्याला काय वाटेल याची भीड न ठेवता, गोड वेष्टन न लावता. उद्धटपणात अपमान असतो, इथे तो असेलच असं नाही. 'डॉक्टरांनी त्याला स्पष्टच सांगितलं, दारू बंद कर.' त्यातला 'च' मात्र गाळू नका. नुसतं 'स्पष्ट सांगितलं' म्हणजे नीट कळेल असं सांगितलं, असाही अर्थ निघतो. तो 'क्लिअरली' झाला.

फ्रँकलीमध्ये बोलणारा स्वतःचं मन उघडं करतो. म्हणून स्वतःची चूक कबूल करताना फ्रँकली शोभतं, 'मोकळेपणाने'. तिथे ब्लंटली सहसा खटकेल.

प्रतिसाद २
जागाही बघा. वाक्याच्या आरंभी स्वल्पविरामासह 'फ्रँकली,' आलं की ते क्रियापदाबद्दल काही सांगत नाही, सबंध वाक्याला लागतं: 'खरं सांगायचं तर'. ब्लंटलीसाठी तिथे बहुधा 'टु पुट इट ब्लंटली' येतं, 'स्पष्टच बोलायचं तर'. ऑफिसच्या मेलची सुरुवात फ्रँकलीने करू नका, वैतागलात असं वाटतं. (दोन देशांच्या निवेदनात 'फ्रँक' चर्चा झाली असं आलं, की मतभेद झाले असं खुशाल समजा.)

आणि 'ब्लंटली रिफ्यूज्ड' असेल तर क्रियाविशेषण शोधत बसू नका. 'साफ नकार दिला', संपलं.

धागाकर्ता
धन्यवाद! 'परखडपणे' किंवा 'सडेतोड' चालेल का?

प्रतिसाद १
या दोन्हींत कौतुक आहे. 'फटकळपणे'मध्ये नापसंती, शिवाय तो माणसाचा स्वभावच ठरतो. ब्लंटली दोन्हीकडे झुकू शकतं, म्हणून निवेदक कोणाच्या बाजूने आहे ते आधी ठरवा. 'परखड' अग्रलेखाला, समीक्षेला शोभतं. दवाखान्यातल्या एका वाक्याला जड होईल. 'सडेतोड' तर बहुतेक वेळा उत्तरालाच लागतं, आणि तुमच्या डॉक्टरांना कोणी प्रश्न विचारलेला दिसत नाही.