प्रति: प्रत्येक स्वराची ठरलेली आकृती असते का?

'प्रत्येक स्वराची स्वतःची एक ठरलेली आकृती असते' असं वर एका प्रतिसादात आलंय. ते मला पटत नाही. पत्र्यावर वाळू पसरून तो एखाद्या स्वरात थरथरवला की वाळूची नक्षी उमटते; ही नक्षी स्वर आणि पत्रा दोघांची मिळून असते. पत्र्याचा आकार, जाडी किंवा धरायची जागा बदला, त्याच स्वराला वेगळी नक्षी येते, नाहीतर येतच नाही.

जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनीने १७८७ मध्ये छापलेल्या आकृत्या पाहा. पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवताना तो कडेला बोट टेकवायचा, आणि बोट हललं की नक्षी बदलायची. वाळू थरथरत्या भागावरून उडत उडत स्थिर रेषांवर जाऊन थांबते. अगदी बारीक भुकटी मात्र उलट वागते, जिथे थरथर सर्वांत जास्त तिथेच तिचे ढीग होतात! पत्र्यालगत हवेचे छोटे प्रवाह तयार होतात आणि ते भुकटीला ओढून नेतात, हे इंग्रज शास्त्रज्ञ फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं.

आपल्याकडचं उदाहरण तर मला याहून मोलाचं वाटतं. सी. व्ही. रामन यांनी मृदंग-तबल्याच्या पुडीवर (वाजवायच्या चामड्यावर) वाळू टाकून अशाच रेषा टिपल्या. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाचा नाद सुरेल लागत नाही. पुडीवरच्या काळ्या गोल लेपाच्या, म्हणजे शाईच्या, वजनाने ते जुळून येतात. १९३४ च्या लेखात त्यांनी दाखवलं की पुडीचे नऊ कंपनप्रकार मिळून पाचच सुसंवादी स्वर देतात. शाईचे थर घोटून घोटून चढवणाऱ्या कारागिरांनी हे केवळ कानाने साधलं होतं.