नक्कल आणि प्रतिध्वनी

'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या साहसांच्या चित्रपटमालिकेचे नवे चित्रपट म्हणजे जुन्यांची निव्वळ नक्कल आहे, असे एक मत मांडले जाते आणि २०१५च्या 'द फोर्स अवेकन्स'पुरते ते मला बऱ्याच अंशी मान्य आहे. वाळवंटी ग्रहावरचे एकाकी पात्र, गुपित पोटात घेऊन फिरणारा यंत्रमानव आणि अखेरीस उद्ध्वस्त होणारे महाकाय शस्त्र, हा सारा सांगाडा १९७७च्या पहिल्या चित्रपटातून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे.

मात्र २०१७च्या 'द लास्ट जेडाय'ला तेच माप लावणे अन्यायाचे ठरेल. त्यातल्या शेवटच्या लढाईत पांढऱ्याशुभ्र पठारावरून अवाढव्य चालती युद्धयंत्रे पुढे सरकू लागतात, तेव्हा १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मधला बर्फाळ ग्रह आठवल्याशिवाय राहत नाही. पण एक सैनिक तो पांढरा थर बोटाने चाखून ते मीठ असल्याचे सांगतो आणि त्याखालची लाल माती पावलागणिक जखमेसारखी उघडी पडत जाते. त्याहून मोलाचा मला आरटू या जुन्या यंत्रमानवाचा प्रसंग वाटतो. जुन्या चित्रपटांचा नायक, पण आता कडवट झालेला ल्यूक मदतीला साफ नकार देतो, तेव्हा आरटू राजकन्या लेयाचा पहिल्या चित्रपटातला मदतीची याचना करणारा तोच जुना संदेश त्याच्यासमोर उमटवतो. येथे जुने दृश्य प्रेक्षकांना सुखावण्यासाठी येत नाही, ते एका थकलेल्या माणसाला त्याच्या तरुणपणासमोर उभे करते. २०१९च्या चित्रपटात जुना खलनायक सम्राट पॅल्पटीन परत आणला गेला, त्यामागे असे कोणतेही कारण मला सापडत नाही.