‘मृत्यूची जोखीम’ म्हणावं की ‘मृत्यूचा धोका’?

माशेलची लेखणी
नमस्कार मंडळी. एका शब्दावर आठवडाभर अडून बसले आहे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवर एक अभ्यास व्हायचा आहे. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि जोडीला एक जुनं औषध, जे या आजारात अजून नीट पारखलेलं नाही. नातेवाइकांना द्यायचं माहितीपत्रक आणि संमतिपत्र मी इंग्रजीतून मराठीत आणते आहे. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे ही माहिती वाचणाऱ्याला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत द्यावी लागते. शिवाय त्याचं उलट भाषांतर होतं. म्हणजे मूळ न पाहता दुसरं कुणीतरी माझं मराठी पुन्हा इंग्रजीत नेतं आणि अर्थ कुठे सांडला ते कळतं.

माझा पहिल्याच पानावर सांडला. मी लिहिलं होतं, ‘या आजारात मृत्यूची जोखीम जास्त असते.’ परत आलं ते, ‘या आजारात मृत्यूची जबाबदारी मोठी असते.’ उलट भाषांतर करणारे गृहस्थ इथलेच, गोव्यातल्या काणकोणचे, शिक्षण मराठीतून झालेले. ते म्हणाले, आमच्या घरात जोखीम म्हणजे जबाबदारीच. मग मी ‘धोका’ केलं. ते वाचून सासूबाईंनी विचारलं, ‘धोका कोण देणार, डॉक्टर?’

आणखी एक. मूळ मजकुरातल्या रुग्णांना ‘अत्यवस्थ’ म्हणू की ‘गंभीर आजारी’?

निवृत्त मास्तर
ताई, काणकोणच्या गृहस्थांची चूक नाही. लहानपणी शिरगावच्या जत्रेला गेलो की आई कमरेची पिशवी माझ्याकडे द्यायची आणि म्हणायची, ‘जोखीम आहे, सांभाळ.’ पिशवीत पाटल्या असायच्या. मौल्यवान वस्तू, ती सांभाळण्याचा भार आणि ती हरवण्याची भीती, तिन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. माझ्या मते हा शब्द ‘योगक्षेम’ झिजून झाला असावा. मिळवणं आणि मिळवलेलं राखणं, म्हणजे योगक्षेम. राखण्यातच जोखीम आली.

तेव्हा जोखीम जिवाची असते. मृत्यूची नसते. ‘जिवाला जोखीम’ लिहा, प्रश्न मिटेल.

सत्तरीकर
मास्तर, माफ करा, पण योगक्षेम फार लांबून आणलात. जोखीम ‘जोखणे’वरून आली असं मला वाटतं. तराजूत घालून पाहतो ते जोखतो. डॉक्टर तेच तर करतात, या पारड्यात फायदा, त्या पारड्यात अपाय.

शुद्धमती
दोन्ही शब्द व्यवहारातले आहेत, शास्त्रातले नाहीत. शास्त्राला ‘संभाव्यता’ हा नेमका शब्द असताना धोका आणि जोखीम यांत का अडकायचं? ‘मृत्युसंभाव्यता अधिक असते’ असं लिहावं. आणि कृपा करून ‘मृत्यूदर’ लिहू नका. एकटा मृत्यू दीर्घ, समासात ऱ्हस्व, म्हणून ‘मृत्युदर’. वर्तमानपत्रांनी हे कधीच सोडून दिलं आहे. निदान आपण सोडू नये.

‘अत्यवस्थ’ हा चांगला, घडीव शब्द आहे. तोच ठेवा.

रात्रपाळी
मी अतिदक्षता विभागात अकरा वर्षं परिचारिका आहे. रात्री दोन वाजता दाराशी उभा असलेला मुलगा यातला एकही शब्द बोलत नाही. तो विचारतो, ‘आमचो बाबा वांचतलो मूं?’ आम्ही सांगतो, सिरियस आहे, बहात्तर तास काही सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात फिफ्टी-फिफ्टी. ‘अत्यवस्थ’ हा शब्द माणसं पेपरात वाचतात, अपघाताच्या बातमीत, आणि तो वाचला की पुढची ओळ निधनाची असणार असं धरून चालतात. तो संमतिपत्रात आला तर नातेवाईक म्हणतील, सगळं संपलंच आहे तर सही कशाला घेता?

एक प्रसंग सांगते. इस्पितळाचं नाव नको. अवयव किती निकामी झाले आहेत हे मोजायला सोफा नावाची पद्धत आहे. फुप्फुस, रक्त गोठणं, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड, प्रत्येकाला ० ते ४, म्हणजे जास्तीत जास्त २४. आकडा जितका मोठा तितकी अवस्था वाईट. एका तरुण डॉक्टरांनी रुग्णाच्या भावाला मराठीत समजावलं, ‘काल ९ गुण होते, आज १४ झाले.’ त्या भावाचा चेहरा उजळला. तो धावत बाहेर गेला आणि वहिनीला म्हणाला, गुण वाढले, औषधाचा गुण आला. ती बाई काचेला हात लावून उभी होती. तिने तिथूनच देवाला नमस्कार केला. मला मागून जाऊन दोघांना खरं काय ते सांगावं लागलं. तेव्हापासून आमच्या वॉर्डात मी कुणाला ‘गुण’ म्हणू देत नाही. ‘आकडा’ म्हणा.

माशेलची लेखणी
रात्रपाळीताई, माझ्या पत्रकात चौथ्या पानावर ‘गुणांकन’ आहे. आत्ता काढलं.

पोथीवाचक
दगावणे या शब्दाचा विचार कुणी केला का? ‘रुग्ण दगावण्याची शक्यता’ हे सरळ, सगळ्यांना कळणारं मराठी आहे. पटकीत माणसं दगावली, बाळंतपणात बाई दगावली, असंच आपण म्हणत आलो.

पण आता ताईंच्या सासूबाईंचं वाक्य वाचून मीच अडखळलो. दगावणे ‘दगा’वरून आला, आणि दगा फारसी, अर्थ फसवणूक. धोका म्हणजेही फसवणूक. आपल्या भाषेत माणूस मेला तर आयुष्याने दगा दिला असं आपण समजत आलो. निवडायला दोन शब्द, आणि दोघांच्याही पोटात कपट!

शुद्धमती
म्हणूनच म्हणते, संभाव्यता. तिच्या पोटात काही नाही.

रात्रपाळी
पोटात काही नसलेला शब्द त्या भावाच्या कानात तरी शिरेल का, शुद्धमतीताई?

आकडेमोड
मी वैद्यकीय आकडेवारी शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुमचा वाद नामावर चालला आहे, पण फसगत क्रियापदाच्या अलीकडे होते, आकड्यापाशी. २०२० साली ब्रिटनमध्ये ‘रिकव्हरी’ ही मोठी चाचणी झाली. करोनाच्या रुग्णांना डेक्सामिथासोन हे स्वस्त आणि जुनं स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, फार तर १० दिवस दिलं. व्हेंटिलेटरवरचे रुग्ण घ्या. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या शंभरांपैकी साधारण ४१ जण २८ दिवसांत गेले. औषध मिळालेल्या शंभरांपैकी २९. बातम्यांत आलं, ‘मृत्यूचा धोका एक तृतीयांशाने घटला.’ हे खोटं नाही. पण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी त्याचा अर्थ तीन रुग्णांपैकी एक जास्तीचा वाचतो असा लावला. प्रत्यक्षात शंभरांत बारा जास्त वाचले, म्हणजे आठांत एक.

आणि तेच औषध प्राणवायू लागत नसलेल्यांना दिलं तेव्हा फायदा दिसला नाही. मृत्यू शेकडा १४ होते ते औषधाच्या गटात १८ दिसले. औषध एकच, पण कुणाला द्यायचं यावर सगळं ठरलं. ‘गंभीर’ म्हणजे नेमकं कोण, हे पत्रकात लिहिल्याशिवाय जोखीम, धोका, संभाव्यता काहीही वापरलंत तरी वाक्य अर्धंच राहील.

आपल्याकडे ‘शेकडा’ हा इतका चांगला शब्द आहे, तो वापरा. शेकडा अमुक माणसं. माणसं मोजली की शब्दाचं ओझं कमी होतं.

निवृत्त मास्तर
शेकडा आम्ही नारळांना वापरतो, माणसांना नको.

सत्तरीकर
मास्तर, शाळेत शेकडेवारी तुम्हीच शिकवलीत ना मुलांना? मग?

मूळ धाग्याला जोडून माझा एक प्रश्न. ‘कोणत्या गटात कोण जाईल ते यादृच्छिक पद्धतीने ठरेल’ हे वाक्य अशा प्रत्येक पत्रकात असतं. दोन वर्षांपूर्वी काकांच्या आजारात असंच पत्रक माझ्या हातात आलं होतं. यादृच्छिक म्हणजे काय, हे काकीने मला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, देवळात प्रसाद लावतो तसं समज, पाकळी उजवी पडली तर हे औषध, डावी पडली तर ते. तिला लगेच कळलं आणि तिने सही केली. मग ‘कौल’ हा शब्द का घेऊ नये? गोव्यात तो पोराटोरांना कळतो.

आकडेमोड
नको, सत्तरीकर, हे अजिबात नको. कौल लावणारा असं मानतो की देवाला उत्तर ठाऊक आहे आणि तो ते पाकळीतून सांगतो. म्हणजे उजव्या पाकळीचं औषध ‘तिच्यासाठी’ योग्य ठरलं. चाचणीत गोष्ट नेमकी उलटी असते. दोहोंतलं चांगलं कोणतं हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर चिठ्ठी टाकायची. डॉक्टरांना ठाऊक असतं तर चिठ्ठी टाकणं पाप ठरलं असतं.

आणि ‘ठाऊक नाही’ हे उगाच म्हणत नाही. अतिदक्षता विभागात रक्तातली साखर अगदी काटेकोर, निरोग्यासारखी राखावी असं एके काळी पुष्कळांना पटलं होतं. २००९ साली ६,००० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. काटेकोर राखलेल्या गटात ९० दिवसांत शेकडा २७.५ दगावले, सैल राखलेल्या गटात २४.९. भलं करायला गेलेल्या हातांनीच नुकसान होत होतं आणि चिठ्ठी टाकल्याशिवाय ते कळलं नसतं.

‘चिठ्ठी टाकून ठरेल’ लिहा. किंवा ‘नाणं उडवल्यासारखं’.

सत्तरीकर
तुमचं पटतं. पण मग काकीने सही कशावर केली? औषधावर की देवावर? काका पुढे वाचले नाहीत. ती अजून म्हणते, कौल उजवा होता, तरी असं कसं झालं. हे मला आजवर कुणापाशी बोलता आलं नव्हतं.

रात्रपाळी
सत्तरीकर, काकीला सांगा की कौल नव्हताच. आता सांगितलं तरी चालेल. आमच्याकडे माणसं वर्षांनंतर येऊन विचारतात.

केपेंकर
मध्येच बोलतो. हे पत्रक मराठीत का? घरी सगळे कोंकणी बोलतात. राजभाषा कोंकणी आहे. ‘वांचतलो मूं’ विचारणाऱ्याला उत्तर कोंकणीतच हवं.

माशेलची लेखणी
केपेंकर बाब, कोंकणी पत्रक वेगळं होतंच आहे, ते दुसऱ्या बाई करतात. पण १९८७ च्या कायद्यात मराठीलाही सरकारी कामाला जागा आहे, आणि फोंडा, डिचोली, पेडणे इथल्या कितीतरी घरांत बोलणं कोंकणी आणि वाचन मराठी आहे. पेपर मराठी, आरती मराठी, देवळाची पत्रिका मराठी. बोलायच्या वेळी कोंकणीच बोललं जाईल. कागद हातात दिला की डोळे मराठीकडे जातात. दोन्ही असू देत.

शुद्धमती
भांडण नको, पण ‘चिठ्ठी टाकून’ हे संमतिपत्रात शोभत नाही. ‘यादृच्छिक’ ठेवून कंसात अर्थ द्यावा. अवघड शब्द टाकून दिला तर मराठी शास्त्रभाषा होणार कधी?

पोथीवाचक
शुद्धमतीताई, शास्त्रभाषा शोधनिबंधात होऊ द्या. इथे माणूस जात असताना सही मागायची आहे.

माशेलची लेखणी
सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंतचा मजकूर देते: ‘हा आजार जिवावर बेतू शकतो. नेहमीचे उपचार पूर्ण मिळूनही सगळेच रुग्ण वाचत नाहीत. दोहोंपैकी कोणत्या उपचाराने जास्त माणसं वाचतात हे अजून कुणालाच माहीत नाही, म्हणून हा अभ्यास आहे. तुमच्या रुग्णाला कोणता उपचार मिळेल ते चिठ्ठी टाकून ठरेल.’ जोखीम आणि धोका दोन्ही काढून टाकले. शेकडा किती ते मूळ पत्रकात दिलेलं नाही. मी कळवलं आहे की ते द्यावं. तोवर ‘मृत्यूची जोखीम’ हा शब्द मूळ मथळ्यात आहेच, तो तसाच अडकून आहे.

आता नवीन अडचण. शेवटी ओळ आहे, ‘मी हे पत्रक वाचले आहे.’ तिच्या वर ‘जास्त माणसं वाचतात’. सासूबाईंनी दोन्ही ओळी एकापाठोपाठ मोठ्याने वाचल्या आणि थांबून माझ्याकडे पाहिलं.

पोथीवाचक
हे दोन वेगळे शब्द आहेत! पत्रक वाचणे हे ‘वच्’ धातूचं. जिवानिशी वाचणे हे ‘वञ्च्’चं, निसटणे, चुकवणे. त्यावरूनच वंचना. म्हणजे दगा, धोका आणि आता हाही. मरणाला चकवून निसटला तो वांचला. जुन्या छापील पुस्तकांत हा शब्द अनुस्वार देऊन ‘वांचणें’ असाच मिळतो. पत्रकात ‘वांचतात’ लिहा, गोंधळ संपेल.

शुद्धमती
लिहिता येणार नाही. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. व्युत्पत्तीने सिद्ध होत असले तरी द्यायचे नाहीत.

केपेंकर
अनुच्चारित कुणाचा? आमच्याकडे पुस्तक ‘वाचप’ आणि जीव ‘वांचप’. माझी आई दोन्ही वेगळे उच्चारते, रोज.

रात्रपाळी
मीसुद्धा. वर लिहिलेला मुलाचा प्रश्न पुन्हा वाचा, मी अनुस्वार देऊनच लिहिलाय.

शुद्धमती
ते कोंकणी आहे. मराठीत तो उच्चार नाही.

निवृत्त मास्तर
पेडण्यापासून पुढे सावंतवाडीपर्यंत मी शिकवलं आहे. मराठीत नाही असं म्हणू नका, ताई. उद्या शेजारच्या आज्जींना विचारून सांगतो.