अष्टपैलू घोड्यासाठी स्टॅलियनची निवड: कोल्हापुरातील संकरित घोडीला कोणता नर द्यावा?

करवीर_स्वार (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

कळंब्याच्या बाजूला आमची छोटी पागा असून तेथे आम्ही मुलांना घोडेस्वारी शिकवतो. पागेतील एक नऊ वर्षांची घोडी यंदा भरवावी (नर देऊन गाभण करावी) असा विचार आहे. तिची आई मारवाडी आणि बाप थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) असून उंची ६१ इंच आहे. माझी मुलगी तिच्यावर बसून घोडेस्वारीच्या जिमखाना स्पर्धांत बॅरल शर्यत (तीन पिंपांना वळसे घालून कमीत कमी वेळात परतण्याची शर्यत) करते. सरळ धावेत घोडीला तोड नाही, परंतु पिंपाजवळ आल्यावर ती पुढच्या अंगावर जड होते आणि वळण मोठे घेते. तिचे मागचे पाय काहीसे सरळ आहेत, खुरांची भिंत पातळ आहे आणि गर्दीत ती लवकर बिथरते. दम, चपळाई आणि स्वाराशी असलेला प्रामाणिकपणा हे तिचे गुण आहेत.

होणारे शिंगरू मोठे झाल्यावर बॅरल, टेंट पेगिंग (दौडत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतील खुंटी उचलणे) आणि लहान उड्या ही तिन्ही कामे करू शकावे, तसेच सुट्टीच्या दिवशी नवशिक्या मुलालाही पाठीवर घ्यावे, अशी अपेक्षा आहे. माझ्यासमोर तीन नर आहेत. पहिला ६५ इंची मारवाडी. सारंगखेड्याच्या बाजारात त्याच्याभोवती गर्दी असते आणि त्याची फीही तशीच आहे. दुसरा पुण्यातील शर्यतींतून निवृत्त झालेला थरोब्रेड. तिसरा ५९ इंची काठियावाडी; दिसायला साधा, पण एका रायडिंग क्लबमध्ये रोज काम करणारा. उंच नर दिल्यास विण्याच्या वेळी घोडीला त्रास होईल का, हीही शंका आहे. अमेरिकेतील क्वार्टर हॉर्स जातीच्या नराचे गोठवलेले वीर्य मागवण्याचा सल्लाही एकाने दिला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

माणदेशी_रिकीब

दादा, आपण घोडीचे दोष जितके स्पष्ट लिहिले आहेत, तितके बहुतेक मालक लिहीत नाहीत. निम्मे काम तेथेच झाले आहे, कारण नर निवडायचा तो याच दोषांसमोर ठेवून.

बॅरल शर्यतीत घोड्याकडून नेमके काय मागितले जाते ते आधी पाहू. अमेरिकेतील प्रमाणित आखणीत पहिल्या दोन पिंपांमधील अंतर ९० फूट आणि त्या प्रत्येकापासून तिसऱ्या पिंपापर्यंतचे अंतर १०५ फूट असते, चांगला घोडा ही फेरी सुमारे १७ सेकंदांत संपवतो आणि पिंप पडले तर ५ सेकंदांचा दंड बसतो. म्हणजे निव्वळ वेगाने जेवढे कमवायचे, त्याहून कितीतरी जास्त एका चुकीच्या वळणात गमवायचे. एक वळण एका बाजूचे आणि उरलेली दोन दुसऱ्या बाजूचे असल्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या पिंपाच्या मधल्या धावेत घोड्याला दौडीतील पुढचा पाय बदलावा लागतो, आणि प्रत्येक पिंपाच्या अलीकडे पुठ्ठा (कमरेमागचा भाग) खाली घेऊन मागच्या पायांवर बसावे लागते. आपल्या घोडीला नेमके हेच जमत नाही, आणि त्याचे मूळ बहुधा तिच्या सरळ मागच्या पायांत आहे. तेव्हा नराचा पुठ्ठा रुंद, हॉकचा (मागच्या पायाच्या मधला) सांधा मजबूत व जमिनीच्या जवळ, पाठ आखूड आणि नळी (त्याखालचे पायाचे हाड) जाड असली पाहिजे. हेच शरीर टेंट पेगिंगमध्ये घोडा सरळ ठेवायला आणि उडीआधी स्वतःला आवरायलाही उपयोगी पडते.

या कसोटीवर थरोब्रेड मी पहिल्याच फेरीत बाद करीन. तो घोडा वाईट आहे असे नव्हे. घोडीत वेग पुरेसा असताना आणखी वेग, आणखी पातळ खुरे आणि आणखी गरम डोके विकत घेण्यात काय हशील?

मारवाडीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडील निवड तेथेच घसरते. बाजारात उंची, कानांची टोके, रंग, पंचकल्याणी खुणा (चारही पाय आणि तोंड पांढरे) आणि भोवरे पाहून किंमत ठरते. या घोड्याला मागच्या पायांवर वळता येते का, हे कोणी विचारत नाही. हा दोष आपल्याच बाजाराचा आहे असेही नाही. अमेरिकेत १९६९ साली जन्मलेला इम्प्रेसिव्ह नावाचा क्वार्टर हॉर्स अशाच देखण्या अंगामुळे गाजला. भरीव स्नायूंसाठी त्याला आणि त्याच्या मुलांना घोड्या दिल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर हायपीपी हा स्नायूंचा आनुवंशिक विकार हजारो घोड्यांत पसरला. अखेर २००७ पासून जन्मलेल्या आणि या जनुकाच्या दोन प्रती बाळगणाऱ्या शिंगरांची नोंदणीच तेथील संघटनेने बंद केली. रिंगणात उभा केलेला घोडा आणि कामाला जुंपलेला घोडा यांची परीक्षा वेगवेगळी असते, एवढाच माझा मुद्दा आहे.

आणखी एक गोष्ट. नराकडे पाहण्याआधी त्याच्या शिंगरांकडे पाहावे, आणि तीही सामान्य घोड्यांना झालेली. नामांकित नराकडे उत्तम घोड्याच येतात. मग चांगल्या शिंगरांचे श्रेय बापाला द्यायचे की आईला, हे सांगता येत नाही. साध्या घोडीच्या पोटी आईपेक्षा सरस शिंगरू देणारा नर हा खरा नर. काठियावाडीची तीन-चार वर्षांची, स्वारीला आलेली संतती उपलब्ध असेल, तर मुलीला त्यांच्यावर बसवून पाहा. ती गर्दीत कशी वागतात, हे आपल्या दृष्टीने त्यांच्या उंचीपेक्षा महत्त्वाचे आहे.

भीमाकाठ

थोडे विरोधी मत मांडतो. आज घोडी भरवली तर शिंगरू जन्मायला अकरा महिने लागतील आणि त्यानंतर त्याच्या पाठीवर कामाचे ओझे द्यायला निदान चार वर्षे थांबावे लागेल. तोवर कन्येचे शिक्षण संपलेले असेल. या काळातील खुराक, नालबंद, डॉक्टर आणि मोतद्दार यांचा खर्च धरला, तर चार-पाच वर्षांचा, अंगाने तयार आणि खच्ची केलेला घोडा स्वस्त पडतो. शिवाय त्याचा स्वभाव आपल्याला आजच पाहता येतो. अमेरिकेत शार्मेन जेम्स यांनी स्कॅम्पर नावाच्या ज्या घोड्यावर १९८४ ते १९९३ अशी बॅरल शर्यतीची सलग दहा जागतिक विजेतेपदे मिळवली, तोही खच्ची केलेलाच होता. त्याचा वंश चालावा म्हणून पुढे २००६ मध्ये त्याचा क्लोन तयार करावा लागला, हा भाग वेगळा. शिंगरू हवेच असेल तर माझे काही म्हणणे नाही. पण केवळ स्वारीसाठी घोडा हवा असेल, तर आपल्या भीमथडी जातीचे काटक, लहान चणीचे घोडेही एकदा पाहून यावेत.

अश्ववैद्य_सांगली

करवीर_स्वार यांच्या उंचीविषयीच्या शंकेचे उत्तर बरेच जुने आहे. वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी १९३८ मध्ये अजस्र शायर आणि बुटक्या शेटलंड घोड्यांचा दोन्ही बाजूंनी संकर करून पाहिला, तेव्हा शेटलंड आईच्या पोटी जन्मलेली शिंगरे लहानच निपजली. जन्मावेळचा आकार मुख्यतः आईच्या गर्भाशयावर अवलंबून असतो. ६१ इंची घोडीला ६५ इंची नर दिल्याने केवळ त्या कारणाने अडचण येईल असे मला वाटत नाही.

दुसरी बाब संकराची. आपली घोडी स्वतःच पहिल्या पिढीची संकरित असल्यामुळे तिची शिंगरे एकसारखी होणार नाहीत. एकाच नरापासून झालेली सख्खी भावंडेही उंचीत आणि स्वभावात बरीच वेगळी निघू शकतात. म्हणून ज्याची संतती ठरावीक ठेवणीची निघते असा नर घेणे शहाणपणाचे आहे. या एका बाबतीत माणदेशी_रिकीब यांच्या मताला मी पूर्ण पाठिंबा देतो.

क्वार्टर हॉर्सच्या वीर्याचा बेत कागदावर आकर्षक दिसतो. आयातीसाठी केंद्र सरकारचा सॅनिटरी परवाना लागतो, वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये सांभाळावे लागते आणि गोठवलेल्या वीर्यासाठी घोडीचे स्त्रीबीज सुटण्याची वेळ सोनोग्राफीने काही तासांच्या अंतराने पाहून गाठावी लागते. एका घोडीसाठी हा खटाटोप मी सुचवणार नाही. तरीही कोणी मागवलेच, तर त्या नराची हायपीपी, हर्डा, जीबीईडी, पीएसएसएम आणि एमएच या पाच आनुवंशिक विकारांची जनुकीय चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र आधी पाहावे.

येथील नराच्या बाबतीतही तपासण्या सोडू नयेत. ग्लँडर्स (घोड्यांचा एक संसर्गजन्य रोग) आणि संसर्गजन्य रक्तक्षय यांचे रक्तनमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासले जातात. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि २००९ च्या कायद्यानुसार त्याची सूचना देणे बंधनकारक आहे, त्यामुळे येथे ओळखीपाळखीवर विसंबू नये. घोडीच्या गर्भाशयातील स्रावाची तपासणीही याच वेळी करून घ्यावी.

वेळेविषयी माझे मत असे की, डिसेंबर-जानेवारीत घोडी भरवावी. घोडी साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि पाच ते सात दिवस माजावर राहते. गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा असल्याने शिंगरू पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पावसाळ्याची चिखल-ओल संपल्यावर जन्मेल. पंचगंगेच्या खोऱ्यात जुलैमध्ये शिंगरू जन्माला घालणे म्हणजे खुरांचे आणि नाभीचे आजार ओढवून घेणे आहे. भरवल्यानंतर चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी करून जुळे नाही ना, हे पाहावेच, कारण घोडीला जुळे क्वचितच झेपते.

जाता जाता खुराकाविषयी. आपल्या भागात ऊसतोडणीच्या दिवसांत घोड्यांपुढेही वाडे (उसाचे हिरवे शेंडे) टाकले जाते आणि वर भुसा (धान्याचा कोंडा) दिला जातो. वाड्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते आणि भुशात फॉस्फरस भरपूर असतो. गाभण घोडीसाठी ही जोडी घातक आहे. पातळ खुरांचा दोष थरोब्रेड बापाच्या रक्तावर टाकला जाईल, पण त्यातील काही वाटा वैरणीचाही असू शकतो.

करवीर_स्वार

सर्वांचे आभार. भीमाकाठ, आपला हिशेब मला मान्य आहे; परंतु ही घोडी आमच्याच पागेत वाढलेली आहे आणि तिचा वंश राहावा ही घरातील सर्वांची इच्छा आहे. डॉक्टर, वाडे आजपासूनच बंद केले असून कडबा आणि सुके गवत सुरू केले आहे. काठियावाडीची दोन शिंगरे मिरजेच्या बाजूला स्वारीला आहेत असे कळले. मुलगी येत्या रविवारी त्यांच्यावर बसून पाहील. नराच्या मालकाशी व्यवहार ठरवताना कोणत्या अटी घालाव्यात?

माणदेशी_रिकीब

दादा, अटी कागदावर घ्या, तोंडी ठेवू नका. फीचा एक भाग घोडी भरवताना आणि उरलेला भाग शिंगरू जन्मून स्वतःच्या पायांवर उभे राहून दूध प्यायल्यावर द्यावा. घोडी उलटली (गाभ धरला नाही) तर पुढच्या माजाला पुन्हा भरवण्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत, हे त्यात स्पष्ट असावे. घोडी तेथे ठेवावी लागल्यास रोजचा खर्च आणि दुखापत झाल्यास जबाबदारी कोणाची, हेही लिहून घ्यावे. मिरजेला जाल तेव्हा त्या शिंगरांना आधी मोकळे सोडायला सांगा आणि दोन्ही बाजूंना वळताना मागचा पाय पोटाखाली किती आत येतो ते पाहा. खोगीर त्यानंतर चढवा.