मदत हवी आहे : 'काट्याच्या अणीवर'चा अर्थ

ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेलं हे कूट (कोड्यासारखा गूढ अर्थाचा अभंग) आमच्या सोसायटीतल्या भजनी मंडळात बसवतोय. चाल बसली, अर्थ बसेना.

'काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड एक वसेचिना.' जे वसेचिना तिथे तीन कुंभार येतात: दोन थोटे, एकाला घडेचिना. ज्याला घडेचिना तो तीन मडकी घडवतो: दोन कच्ची, एक भाजेचिना. पुढे त्यात मूग रांधतात, पाहुणे येतात. कडव्याचा शेवटचा शब्द उचलून पुढचं कडवं सुरू. म्हणायला मजा येते, डोकं मात्र गरगरतं.

मंडळातल्या एक काकू म्हणतात, तीन गावं म्हणजे सत्त्व, रज, तम; कुंभार म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. माझे सासरे म्हणतात, गावं म्हणजे स्थूल, सूक्ष्म, कारण हे तीन देह. दोघंही ठाम, त्यामुळे मी गप्प.

माझं अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. 'ओसाड' म्हणजे पूर्वी वसलेलं आणि मग उजाड झालेलं ना? आणि 'वसेचिना' म्हणजे कधी वसतच नाही ते. मग दोन आणि एक ही विभागणी मुद्दाम आहे का? तीन गुणांत तो 'एक' कोणता? की सगळंच मिथ्या आहे एवढंच सांगायचंय आणि मी उगाच हिशेब मांडतेय?

शेवटी 'सद्गुरुवाचुनि कळेचिना' असं बजावलंय खरं. पण एकादशी जवळ आलीये, इतक्यात सद्गुरू कुठून आणू? कीर्तनकारांकडून याचं निरूपण ऐकलेलं कुणी आहे का इथे?